'घटस्फोट' मुलीला सांगताना: आम्ही की आपण?

प्रश्न असा आहे: बहीण आणि मेहुणे वेगळे होत आहेत, भाची सात वर्षांची. तिला सांगताना 'घटस्फोट' म्हणावं, की सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड यांतला एखादा सौम्य शब्द बरा?

यांतला एकही सौम्य नाही. 'घटस्फोट' तर मुळात लग्नाचा शब्दच नव्हे. पतित ठरलेल्या माणसाला जिवंतपणीच मेलेला मानायचा तो विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे: दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा आणि भाऊबंदांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. पुढे हा शब्द विवाहविच्छेदाला चिकटला. काडीमोडीत पंचांसमोर खरोखरच काडी मोडत. फारकत म्हणजे फारखती, देणंघेणं मिटल्याचा कागद. कर्ज फिटल्यावरही तोच लिहून देत. सोडचिठ्ठीत तर एक सोडणारा आणि एक सोडलेला असतोच.

शब्दापेक्षा क्रियापद जपा. 'तिने घटस्फोट घेतला', 'त्याने दिला' म्हटलं की ठपका एकावर बसतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. तो अर्ज दोघं मिळून करतात, म्हणून तिथे 'दोघांनी घेतला' हेच अचूक.

पण खरी मेख सर्वनामात आहे. मराठीत 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'आपण' म्हणजे त्याला धरून. आईच्या तोंडून सवयीने निघतं, 'आपण आता वेगळे राहणार'. मुलगी ऐकते की वेगळं होणाऱ्यांत मीही आहे. 'बाबा आपल्याला सोडून गेले' हे त्याहून वाईट, कारण त्यात तिलाही सोडलं. आजी-मावश्या 'तुम्हाला टाकलं' म्हणतात, तिथेही त्या अनेकवचनात लेकरू ओढलं जातं. म्हणून वेगळं होण्याच्या वाक्यात 'आम्ही', आणि जे टिकणार आहे त्याच्या वाक्यात 'तुझे':

'आम्ही दोघं आता एका घरात राहणार नाही. आम्ही नवरा-बायको नसू, पण तुझे आई-बाबा आहोतच. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.'

लगेच पुढचं वाक्य रोजच्या जगण्याचं हवं: शाळा तीच, झोपायचं इथे, शनिवारी बाबांकडे. जे ठरलेलं नसेल ते 'अजून ठरलं नाही, ठरलं की आधी तुला सांगू'. 'बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत' असं सांगितलं, तर ती रोज दाराकडे बघत बसेल.

पुढचे काही महिने तिच्या भावनांना नाव देताना मराठीची ठेवणच कामी येते. आपल्याकडे राग येतो, रडू येतं, भीती वाटते. जे येतं ते जातंही. 'तुला राग आलाय ना?' हे बरोबर. 'तू हल्ली फार रागीट झालीस' हे नको, कारण त्याने आलेली गोष्ट तिचा स्वभाव होऊन बसते. आईनेही 'मला रडू येतंय, थोड्या वेळाने बरं वाटेल' एवढं मोकळेपणी म्हणावं.

एक उपमा मात्र कटाक्षाने टाळा: 'आई-बाबांची कट्टी झालीये'. मुलांच्या जगात कट्टीनंतर बट्टी होतेच. ती दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊ बघेल, आणि जमलं नाही की आपलंच चुकलं समजेल.