उजनीच्या फुगवट्यात गळाने मासे धरण्यासाठी १२ फुटी बोट घेतोय. फिश फाइंडर, मोटर आणि बॅटरी कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की आजवर भिगवणच्या बाजूला काठावरून गळ टाकत आलात, आता मित्राबरोबर भागीत बोट घेताय, आणि बजेटचा मोठा हिस्सा ९ इंची फिश फाइंडरवर (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) घालायचा विचार आहे. माझं स्पष्ट मत: तो एवढा मोठा घेऊ नका. ४ किंवा ५ इंची स्क्रीनचा, जीपीएस असलेला साधा फिश फाइंडर उजनीला पुरतो. उरलेले पैसे लाइफ जॅकेट, बॅटरी आणि जाड वायरींवर घाला.

कारण असं की हे यंत्र मासा शोधायला घेतलं तर निराशा होते, तळ शोधायला घेतलं तर पैसे वसूल होतात. उजनी म्हणजे भीमेच्या खोऱ्यावर पसरलेलं उथळ, रुंद पाणी. त्याच्या पोटात जुनी नदी आहे, तिचे काठ आहेत, ओढे, बांध, विहिरी, जुन्या गावांच्या भिंती आहेत. मासा या कडेकडेनं फिरतो. सपाट गाळावर दिवसभर बसलात तर चिलापीशिवाय फारसं काही मिळत नाही. जुन्या नदीचा काठ जिथे एकदम ३ मीटरवरून ७ मीटरला उतरतो, तिथे रोहू, मृगळ, शिंगाडा, वाम सगळे येतात.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठानं पायी हिंडा. पळसदेवचं जुनं मंदिर ज्या वर्षी उघडं पडतं, त्या वर्षी उजनीचा तळ वाचून घेण्यासारखा असतो. मोबाइलवर लोकेशनच्या खुणा टाकत चला: इथे विहीर, इथे दगडी बांध, इथे ओढा नदीला मिळतो, इथे वेड्या बाभळीचं रान. दुसरा मार्ग गूगल अर्थचा. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यातली चित्रं उघडली की आज पाण्याखाली असलेले रस्ते, बांध आणि नदीची वळणं दिसतात. त्या जागांचे अक्षांश-रेखांश फिश फाइंडरमध्ये भरून ठेवा. आपल्या धरणांच्या तळाचे तयार नकाशे यंत्रात मिळतील असं धरून चालू नका, आपला नकाशा आपणच करायचा. म्हणून जीपीएस हवाच, बाकी चैनी नसल्या तरी चालेल. गार्मिनच्या स्ट्रायकर ४ सारख्या लहान यंत्रातही नकाशा नसतो, पण खुणा साठवता येतात आणि त्या खुणेवर परत जाता येतं. उजनीला तेवढं पुरे.

आता स्क्रीन कशी वाचायची ते. यंत्राखालचा ट्रान्सड्युसर पाण्यात आवाजाची लहर सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी रंगात दाखवतो. ही लहर टॉर्चच्या झोतासारखी खाली जाता जाता पसरते. २०० किलोहर्ट्झला (ही लहरीची वारंवारता) झोताचा कोन साधारण २० अंश धरला, तर ५ मीटर खोलीवर तुम्हाला जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा गोल दिसतो, १० मीटरवर साडेतीन. म्हणजे बोटीच्या बाजूला ४ मीटरवर कटल्याचा थवा असला तरी स्क्रीन कोरी राहील. उथळ पाण्यात तर बोटीच्या सावलीनं आणि खुडबुडीनं मासा आधीच बाजूला झालेला असतो. ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झचा झोत जास्त रुंद असतो, पण तपशील पुसट होतो. तळ बघायला २०० ठेवा.

माशाच्या आकाराची चित्रं दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. फांदी, गॅसचे बुडबुडे, गवताचा पुंजका, सगळ्याला ती मासा म्हणते. कच्चं चित्र बघायची सवय लावा. बोट चालती असताना मासा झोतातून गेला तर कमान उमटते, बोट स्थिर असेल आणि मासाही थांबलेला असेल तर लांब आडवी रेघ दिसते. ती रेघ बघून बरेच जण काठी समजतात. तळाची रेघ जाड, ठळक असेल आणि तिच्याखाली दुप्पट खोलीवर तशीच दुसरी रेघ दिसत असेल, तर खाली मुरूम किंवा खडक आहे. रेघ पातळ आणि विरलेली असेल तर गाळ. वामेला खडकाच्या कपारी लागतात, मृगळ मऊ तळावर चरतो. हा फरक ओळखता आला की गळ कुठे टाकायचा हे बरंचसं ठरतं.

पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, पाणी शेवाळानं हिरवं होतं हे तुम्ही बघतच असाल. अशा पाण्यात उन्हाळ्यात वारा पडला की खालच्या थरात प्राणवायू कमी पडतो. म्हणून मेमध्ये सगळ्यात खोल डोह शोधत बसू नका. स्क्रीनवर एका खोलीखाली काहीच हालचाल दिसत नसेल, तर आमिष त्या खोलीच्या वरच ठेवायचं.

साइड इमेजिंग, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंना दूरवर बघणारी यंत्रं, ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झसारख्या जास्त वारंवारतेच्या लहरींवर चालतात आणि बुडालेल्या भिंती, झाडं फोटोसारखी दाखवतात. छान असतात, पण त्यांना मोठी स्क्रीन लागते आणि बोट सरळ रेषेत एका संथ वेगानं चालवावी लागते. पहिल्या दोन हंगामांत त्यांची गरज नाही. फेकता येणारे छोटे फिश फाइंडर, डीपर कंपनीच्यासारखे, दोरीला बांधून पाण्यात टाकायचे आणि मोबाइलवर बघायचे. काठावरून मासेमारी चालूच ठेवणार असाल तर त्यातला एक जरूर घ्या. बोटीवर मात्र मोबाइल उन्हात दिसत नाही, तापतो आणि त्याची बॅटरीही उतरते.

ट्रान्सड्युसर बसवण्याकडे नीट लक्ष द्या, कारण चांगल्या यंत्राची वाट बहुतेक वेळा इथेच लागते. तो बोटीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून दूर, बुडबुडे येणार नाहीत अशा जागी, तळाशी समांतर हवा. एफआरपीची (फायबरची) बोट असेल आणि तळ एकसंध भरीव असेल तर आतून चिकटवूनही चालतो, पण मध्ये फोम, लाकूड किंवा हवेचा पापुद्रा असेल तर चित्र येत नाही. हवेच्या बोटीला आतून लावायचा प्रश्नच नाही, तिथे बाजूला पट्टीवर क्लॅम्प करून खाली सोडायचा.

मोटरचं बघू. विजेच्या ट्रोलिंग मोटरचा जोर पौंडांत मोजतात. ढोबळ हिशोब असा: बोट, माणसं, सामान मिळून दर ४५ किलोला २ पौंड. तुम्ही दोघं, बोट आणि बॅटरी धरून २७० किलो झाले तर १२ पौंड निघतात, पण तो आकडा निवांत पाण्याचा. उजनीवर दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात १२ पौंडांची मोटर बोट जागेवरही धरणार नाही. ४५ ते ५५ पौंडांची घ्या. १२ व्होल्टवर मिळणाऱ्या मोटरी साधारण ५५ पर्यंतच असतात, त्यापुढे २४ व्होल्ट आणि दोन बॅटऱ्या आल्या.

५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात जवळपास ५० अँपिअर ओढते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बोटीत टाकायचा मोह अनेकांना होतो. ती अति जड असते, आत पातळ आम्ल असतं आणि बोट कलली की ते सांडतं. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे १०० एएचमधले (अँपिअर-तासांमधले) ५० हाती येतात: पूर्ण वेगात तासभर. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी १२-१३ किलोंच्या आसपास भरते आणि तिच्यातले ८०-९० टक्के वापरता येतात. महाग आहे, पण बजेट कुठे ताणायचं असेल तर इथे ताणा. चार्जर तिच्यासाठीचाच हवा आणि आतल्या बीएमएसची (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटची) खात्री करून घ्या. बॅटरीच्या धन टोकापाशीच ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर बसवा. वायर १६ चौरस मिलिमीटरची वापरा. बारीक वायर तापते, व्होल्टेज पडतं आणि माणूस मोटरला दोष देत बसतो.

फिश फाइंडर मोटरच्या बॅटरीवर जोडू नका. मोटर फिरली की स्क्रीनवर ठिपक्यांचा पाऊस पडतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची छोटी सीलबंद बॅटरी त्याला वेगळी द्या, लहान स्क्रीनला सकाळच्या फेरीपुरती ती पुरते.

निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा मदतीला येतो. वल्ही नेहमी बोटीत. जाळ्यांकडे लक्ष ठेवा: पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले की खाली कुणाचं तरी जाळं आहे. पंखा वर उचला आणि वल्हवत पुढे व्हा. ते जाळं एखाद्या घराची रोजी असते आणि तुमच्या पंख्यात अडकलं की दोघांचंही नुकसान.

नांगर बाभळीच्या बुंध्यात हमखास अडकतो. दोरी नांगराच्या खालच्या टोकाला पक्की बांधा आणि वरच्या कडीला फक्त बारीक सुतळीनं धरून ठेवा. अडकला तर जोरात ओढल्यावर सुतळी तुटते आणि नांगर उलट्या बाजूनं सुटून येतो. दोरी खोलीच्या किमान तिप्पट सोडा, वारा असेल तर पाचपट. आणि नांगर पुढच्या टोकाला बांधायचा, मागच्या फळीला कधीच नाही. लाट मागून आत येते आणि मोटर-बॅटरीच्या वजनानं मागची बाजू आधीच खाली असते.

लाइफ जॅकेटबद्दल मी हट्टानं सांगतो. मे २०२४ मध्ये याच पाण्यात, कुगाव ते कळाशी दरम्यान, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वळीव येतो तेव्हा आभाळ भरलेलं दिसल्यापासून लाट उठेपर्यंत फार वेळ मिळत नाही. जॅकेटचा तरंगवण्याचा जोर न्यूटनमध्ये मोजतात; ५० न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्याला काठाजवळ मदत करतं, एवढंच. १०० न्यूटनचं किंवा त्यावरचं घ्या, तेच माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करतं. आणि ते अंगात घाला, बसायला उशी म्हणून नको. पश्चिमेला काळं दिसलं की गळ गुंडाळून जवळचा काठ गाठा, मग तो आपल्या गावचा नसला तरी चालेल.

गळाचं थोडं सांगतो, कारण बोटीवर आल्यावर काठावरच्या सवयी बदलाव्या लागतात. कटला वरच्या आणि मधल्या पाण्यात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो, त्याला तळाशी कणकेचा गोळा टाकून उपयोग नाही. बारीक दळलेली शेंगदाणा पेंड, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणि थोडा गूळ एवढं सैल मळा की पाण्यात पडल्यावर त्याचा धूर झाला पाहिजे. तरंगा लावून आमिष दीड-दोन मीटरवर ठेवा आणि सगळा चारा एकाच जागी टाकत रहा. कटला ओढत नाही, तो चोखतो. तरंगा आधी जरासा वर येतो, आडवा पडतो, मग हळूच सरकतो. आडवा पडला की मनगटानं झटका द्या, तो बुडायची वाट बघू नका. सलग दोन-तीन दिवस एकाच दिशेनं वारा असेल तर ज्या काठावर तो पाणी ढकलतोय तिकडे जा. हिरवं पाणी तिकडे साठतं आणि कटला त्याच्या मागे येतो. रोहूला जरा घट्ट गोळा, तळाच्या हातभर वर. वामेला गांडूळ, खडकाला लागून, संध्याकाळी.

मरळ गवताच्या कडेला बेडकाच्या आकाराच्या रबरी आमिषावर येतो. तो हवा घ्यायला वर येतो, ती गोल लाट दिसली की तिच्या पलीकडे टाकून ओढत आणा. पण लालसर पिल्लांचा झुबका पाण्यावर उकळी आल्यासारखा फिरताना दिसला, तर खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे गळ टाकू नका. ते गेले की पिल्लांना चिलापीच संपवते. शिवडा लागला तर सोडून द्या, जगभरातच तो आता धोक्यात आलेल्या माशांत गणला जातो. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून ठेवलात तर सोडणं सोपं जातं.

बोट पाण्यात घालण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन परवान्याचं विचारा. धरण जलसंपदा विभागाचं, मासेमारीचे हक्क वेगळे, आणि मोटर लावलेल्या बोटीच्या नोंदणीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे. धरणाच्या भिंतीजवळचा भाग आपल्यासाठी बंदच समजा. हिवाळ्यात भिगवणच्या उथळ भागात रोहित पक्षी उतरलेले असतात, तिकडून मोटर नेऊ नका, लांबून वळसा घाला.

बोट एफआरपीची घेताय की हवेची ते कमेंटमध्ये लिहा, आणि मागच्या फळीचा एक फोटो टाका. ट्रान्सड्युसर नेमका कुठे बसवायचा ते बघून सांगतो.