सबवूफरचा दिवा लागतो, पण आवाज येत नाही. आतला अँप्लिफायर बोर्ड दुरुस्त करावा की बदलावा?

बोर्डाला दोष देण्याआधी स्पीकर तपासा. त्याच्या तारा सोडवून मल्टीमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. मीटर हललाच नाही, तर कॉइल गेली आहे. बोर्ड कदाचित ठणठणीत असेल.

स्पीकर ठीक निघाला तर मागची प्लेट उघडा. प्लग काढल्या काढल्या आत हात घालू नका. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या भागातल्या, मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. थोडा वेळ थांबून मीटरने खात्री करून घ्या, हे अगदी कळकळीने सांगतोय.

माझ्या सबवूफरमध्ये दोन कपॅसिटरच्या टोप्या फुगल्या होत्या, एकाखाली तपकिरी ओघळ होता. बंद खोक्यात उष्णता कोंडते, त्यात हेच आधी मरतात. तेवढेच बदलले आणि आवाज परत आला. नवे घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअस तापमान सोसणारेच घ्या. धन-ऋण उलटं लावू नका.

आउटपुट आयसी (स्पीकरला ताकद देणारी चिप) फुटला असेल किंवा पीसीबी (सुटे भाग जोडलेली पट्टी) जळून काळी पडली असेल, तर मात्र नवा बोर्ड घ्या. तो स्पीकरच्या ओहम-वॅटला आणि जुन्या सप्लायच्या व्होल्टेजला जुळणारा हवा, आणि त्यात लो-पास फिल्टर (फक्त खालचे, जाड सूर पुढे सोडणारा) हवाच. मुंबईत असाल तर जुना बोर्ड घेऊनच लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा.