साहेब झालो, पण आतून वाटेना

बढती मिळाली, सगळे साहेब म्हणतात, तरी आपण त्या पदाचे आहोत असं वाटत नाही, ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बेळगाव, खानापूर आणि पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला शाखा असलेल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचंही हेच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शहापूरच्या गल्ल्यांतून पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करत ते इथवर आलेले. "मॅडम, खुर्चीत बसतोय, पण तिथं मी आहे असं वाटेनाच बघा."

संध्याकाळी ते कॅशियरबरोबर रोकड जुळवत, व्हाउचरं तपासत. बैठकीत मात्र आधीच्या साहेबांसारखा आवाज चढवत. तो त्यांचा नव्हे, हे स्टाफलाही कळत होतं.

नक्कल बंद करा, असं मी म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी 1999 मध्ये नव्या भूमिकेत शिरणाऱ्या सल्लागारांबद्दल आणि बँकर्सबद्दल मांडलंय, की माणूस आधी इतरांचं बघतो, तसं वागून पाहतो आणि पटेल तेवढंच ठेवतो. या साहेबांचं हे शेवटचं पाऊल राहून गेलं होतं.

शिवाय ही जागाच अवघड. बहुराज्य सहकारी संस्था कायदा, 2002 प्रमाणे मुख्य कार्यकारी हा संचालक मंडळानं नेमलेला पूर्णवेळ कर्मचारी. खाली स्टाफचा साहेब, वर मंडळाचा नोकर. ही ओढाताण म्हणजे त्यांचा कमकुवतपणा नव्हे, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग आठवडाभर कामांची नोंद ठेवायला लावली. प्रत्येक कामापुढे लिहायचं, हे दुसरं कोण करू शकेल? बहुतेक ठिकाणी कॅशियरचं, नाहीतर शाखाधिकाऱ्याचं नाव आलं. एकाच कामापुढे कुणाचं नाव नव्हतं. एका संचालकाच्या शिफारशीचं कर्ज, तारण अपुरं, फाइल टेबलावर पडून. त्यांनी प्रस्तावावर स्वतःचा अभिप्राय लिहिला आणि मंडळासमोर आपल्या नेहमीच्या हळू आवाजात, आकड्यांनिशी वाचला. चेअरमन नाराज झाले. कर्ज मात्र जादा तारण घेऊनच मंजूर झालं.

"त्या दिवशी वाटलं, हे काम माझंच की," ते म्हणाले. संध्याकाळची रोकड आता कॅशियर एकटाच जुळवतो.

तुम्हीही आधी आतून वाटू दे, मग निर्णय घेईन, म्हणून थांबला असाल तर थांबू नका. मात्र झोप उडणं, धडधड, रडू येणं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.