साखरेची मळी, गव्हर्नरचा पगार आणि लंडनची डोळेझाक

प्रश्न : अमेरिकेतील वसाहती दीड शतक इंग्लंडच्या अमलाखाली निमूटपणे राहिल्या आणि १७६० नंतर मात्र करांवरून एकाएकी पेटल्या, असे का झाले? इंग्लंडने त्याआधी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते, हे खरे आहे का?
— एक वाचक

उत्तर : दुर्लक्ष झाले हे खरे, पण वसाहती ‘निमूटपणे’ राहिल्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दुसऱ्या जेम्स राजाने १६८६ मध्ये न्यू इंग्लंडमधील (बोस्टनच्या आसपासच्या ईशान्येकडील वसाहतींतील) निवडून आलेल्या सभा मोडीत काढून सर्व कारभार आपण नेमलेला गव्हर्नर एडमंड अँड्रॉस याच्या हाती सोपवला, तेव्हा राजा पदच्युत झाल्याची बातमी पोहोचताच बोस्टनकरांनी एप्रिल १६८९ मध्ये अँड्रॉसलाच कैदेत टाकले.

कायद्यांचीही वाण नव्हती. १६५१ पासून सागरी व्यापारावर निर्बंध घालणारे कायदे एकामागून एक होत गेले. वाण होती ती अंमलबजावणीची, आणि मळीचे उदाहरण त्या दृष्टीने फार बोलके आहे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील मळेवाल्यांच्या हितासाठी संसदेने १७३३ मध्ये परकीय मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात बसवली. पण न्यू इंग्लंडमधील रमच्या भट्ट्यांना फ्रेंच बेटांवरची स्वस्त मळीच हवी होती आणि एवढी जकात भरून धंदा परवडणे शक्य नव्हते. जकात अधिकारी थोडीफार रक्कम घेऊन फ्रेंच मळी ब्रिटिश म्हणून नोंदवून घेत, तर त्यांच्यापैकी कित्येक वरिष्ठ पगार घेऊन इंग्लंडमध्येच राहत आणि बंदरावर दुय्यमांना बसवत. चोरटा व्यापार करणाऱ्याची समाजातली पत त्यामुळे मुळीच घटत नसे. ब्रिटनचा तत्कालीन पंतप्रधान वॉलपोल याच्या मंत्रिमंडळालाही, व्यापार वाढतो आहे तोवर खोलात न शिरणेच सोयीचे वाटत होते.

कारभारातही हेच घडले. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर नेमणार लंडन, पण त्याचा पगार मंजूर करणार स्थानिक सभा. ही गाठ सभांनी कधी सैल होऊ दिली नाही. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विल्यम बर्नेट याने १७२८ मध्ये कायमचे वेतन मागितले, सभेने नकार दिला, त्याने चिडून सभा बोस्टनमधून सेलमला हलवली, तरीही ती बधली नाही, आणि पुढच्याच वर्षी तो वारला तेव्हा वाद जागच्या जागी होता. अशा भांडणांतून वसाहतवाल्यांच्या मनात पक्के बसले, की आपल्या पैशांवर आपल्या सभेचाच अधिकार आहे.

मात्र या मोकळिकीचे कौतुक बेताने करावे. ज्या सभा गव्हर्नरपुढे हक्काची भाषा बोलत, त्यांपैकीच व्हर्जिनियाच्या सभेने १७०५ मध्ये गुलामगिरीचे कठोर नियम एकत्र बांधून कायदा केला, आणि लंडनची डोळेझाक तिथेही मळेवाल्यांच्याच पथ्यावर पडली.

१७६३ मध्ये फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध संपले, तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होते आणि अमेरिकेत सैन्य ठेवण्याचा खर्च नव्याने उभा राहिला होता. नवा पंतप्रधान ग्रेनव्हिल याने घरी बसलेल्या जकात अधिकाऱ्यांना आपापल्या जागी रवाना होण्याचे हुकूम दिले आणि १७६४ मध्ये मळीवरची जकात ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली. आकडा निम्मा झाला होता, परंतु आता तो खरोखरच वसूल केला जाणार होता. बोस्टनच्या व्यापाऱ्यांना जाचला तो हाच बदल.