कमी पैशात मजबूत, भरवशाचा फोल्डिंग चाकू कोणता घ्यावा?

आधी लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ, बघा. चाकू उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ हलकेच दाबा. लॉक सुटलं किंवा पातं आडवं डुगडुगलं, तर तो चाकू घेऊच नका.

स्टीलच्या नावांत फार अडकू नका. ४२०एचसी किंवा १२सी२७ रोजच्या कामाला पुरतं, घरच्या दगडावर धारही लागते. नुसतं 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

माझी पसंती ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ नंबरच्या चाकूला: साडेआठ सेंटीमीटरचं पातळ पातं, लॉक म्हणून फिरवून बसवायची कडी. लाकडी मूठ भिजली की फुगते, पातं उघडायला जड जातं. तेवढं चालवून घ्यावं लागतं. कार्बन स्टीलचं पातं गंजतं, म्हणून वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या.