मॅडम, आम्हालाच पक्ष्यांची नावं येत नाहीत!

धुळ्यातल्या देवपुरात मी पालक-मुलांचं समुपदेशन करते. तिथल्या माझ्या खोलीत गेली काही वर्षं एक तक्रार सारखी येते. "मुलाला निसर्गाची काही गोडीच नाही, मॅडम. शिकवायचं म्हटलं तर आम्हालाच काही येत नाही." सांगणारे कधी शिक्षक असतात, कधी कापसाचे व्यापारी. म्हणून आज एका घराची गोष्ट लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि मुलाला सोनू म्हणते.

सोनू चौथीतला. आईवडील दोघं नोकरीवाले, वडिलांचं मूळ गाव शिरपूर तालुक्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात आले तेव्हा वडील रागावलेलेच होते. "तोरणमाळला नेलं, नकाणे तलावावर नेलं, पक्ष्यांचं महागडं पुस्तक आणलं. हा गाडीतून उतरत नाही. मोबाइल एके मोबाइल."

मी सोनूला एकट्याला विचारलं, "तलावावर काय होतं रे?"

"पप्पा विचारतात."

"काय विचारतात?"

"सगळंच. आणि मग मम्मीला सांगतात, ह्याला काहीच येत नाही."

त्या दिवशी एवढंच. पण पुढच्या खेपेला आई आत बोलत होती आणि सोनू बाहेर थांबला होता. मी दार उघडलं तर तो जिन्याखालच्या कोरड्या फुफाट्यात उकिडवा बसलेला. तिथे पाऊस पोचत नाही, त्यामुळे माती पिठासारखी भुसभुशीत राहते. त्या मातीत बोटाच्या पेराएवढे गोल खड्डे होते, नरसाळ्यासारखे उतरते. एका खड्ड्याच्या काठावरून मुंगी घसरली. वर चढायला लागली तशी तळातून मातीची चिमूट उडाली आणि ती पुन्हा खाली आली. सोनूचा श्वास अडकलेला. मी पाच-सात मिनिटं दारात उभी होते, त्याला पत्ता नव्हता. चाहूल लागताच तो पटकन उठला, हात झटकले आणि म्हणाला, "काही नाही, असंच."

ते "काही नाही" मला फार महत्त्वाचं वाटलं. ज्या मुलाला गोडी नाही म्हणून माझ्याकडे आणलं, तो मुलगा आपली गोडी लपवत होता. पाहताना सापडलो की परीक्षा सुरू होते, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. मुलाचं कुतूहल बाहेरून भरावं लागत नाही, ते असतंच, या मताची मी पहिल्यापासून आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं जिथे होती तिथे शाळाच नेली. माझ्या कामाचा पाया मी तिथे शोधते.

वडिलांना मी चार रविवारांचं काम दिलं. लांब जायचं नाही. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा धरायची आणि दर वेळी तिथेच जायचं. अर्धा तास बसायचं. प्रश्न विचारायचा नाही, नाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही.

"मग करायचं काय?"

"बघायचं. तुम्हीसुद्धा."

"याचा उपयोग काय, मॅडम?"

"चार रविवारांनी विचारा."

पहिले दोन रविवार फसले. त्यांना राहवेना, साळुंकी दिसली की "हा कोणता?" तोंडून निघायचंच. मुलाला मागे ढकलणारं वाक्य कोणतं, ते आम्ही बसून नीट शोधलं. ते कळल्यावर माणूस बदलतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

तिसऱ्या रविवारी मात्र घडलं. त्यांची जागा म्हणजे वस्तीच्या टोकाला कठडा असलेली जुनी विहीर आणि तिच्यावर ओणवलेली बाभूळ. पावसाळा लागला तशी बाभळीवर सुगरणींची वस्ती झाली. पिवळ्या डोक्याचे नर गवताची हिरवी पाती चिरून आणत होते, टांगत होते, विणत होते. बराच वेळ गप्प बसलेल्या सोनूने आपणहून तोंड उघडलं. "पप्पा, हा खोपा अर्धाच का सोडला?"

वडिलांचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि थांबला. ते म्हणाले, "माले बी नही माहीत रे. चाल, देखूत."

हे मला सांगताना त्यांचा आवाज भरून आला. घरात मुलाशी अहिराणी बोलायची नाही, हा त्यांचाच नियम होता. शाळेत मागे पडेल ही भीती. पण "मला माहीत नाही" हे त्यांच्या तोंडून आलं ते त्यांच्या आईच्या भाषेत, म्हशींमागे हिंडलेल्या लहानपणातून. मुलगा जवळ सरकून बसला. वडिलांना सगळं येत असताना त्या कठड्यापाशी सोनूला जागाच नव्हती. त्यांना येईना तेव्हा ती झाली.

मग दोघं एका दिवसाआड जाऊ लागले. सोनूने वहीत सतरा खोपे काढले. शिरस्त्राणासारखे अर्धे किती, खाली नळी आलेले किती, याची दर खेपेची मोजणी. दोन आठवड्यांनी त्याने मला ऐकवलं, "मादी येते, आत बसून बघते. आवडलं तर तो नळी लावतो. नाही आवडलं तर तसाच ठेवून दुसरा बांधतो." मी त्याला सांगितलं, "सलीम अली नावाचे मोठे पक्षितज्ज्ञ होते. त्यांनीही 1930 साली अलिबागजवळ किहीमला असंच सुगरणींची वस्ती बघत बसून हेच टिपलं." तो काही बोलला नाही, पण पुढच्या खेपेला वहीवर कव्हर घातलेलं होतं. अपयश, चिकाटी वगैरे सांगायचा मोह मला झाला होता. मी गप्प राहिले, आणि ते बरं केलं असं अजून वाटतं.

आता ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी. जागा लहान घ्या: मोकळा प्लॉट, बांध, पांझरा नदीचा काठ, गच्चीतली कुंडीसुद्धा चालेल. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय बदल दिसत नाही, आणि मुलाला धरून ठेवतो तो बदल. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी साडेसातच्या आत परत या. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे दोनचार दिवसच दिसतात, तेव्हा अभ्यास बाजूला ठेवा. नाव नंतर शोधा, मुलाने मागितलं तर, आणि दोघांनी मिळून.

साप-विंचवाची भीती प्रत्येक आई बोलून दाखवते आणि ती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. पायात बंद बूट हवेत. दगडाखाली, बिळात, गवताच्या गंजीत हात घालायचा नाही. साप दिसला तर थांबायचं आणि हळूच मागे यायचं. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, भगताकडे नेणं यातलं काही नको; 108 ला फोन करायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. विहीर किंवा नाला असेल तिथे मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. खोपे झाडावरून काढायचे नाहीत. सोनूने एकदा मुद्दाम मुंगी पकडून जिन्याखालच्या त्या नरसाळ्यासारख्या खड्ड्यात टाकली आणि नंतर त्याला वाईट वाटलं. आईने रागावायच्या ऐवजी विचारलं, "आता काय करू या?" पुढे तो काडीने मातीचा कण टाकून बघायला लागला. तळातली अळी मुंगी समजून तशीच माती उडवते.

मोबाइल सुटला का? पूर्ण नाही. संध्याकाळचा कमी झाला, जेवतानाचा गेला. एवढ्यावर मी समाधानी आहे.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी वडिलांचा फोन आला. मागून सोनूचा आवाज येत होता. "मॅडम, खोपे रिकामे झालेत. पाखरं शेतात दिसतात, पण त्यांच्यातला एकही पिवळा नाही. सगळी मादीसारखीच दिसतात. सोनू विचारतोय, पिवळे गेले कुठे?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"थांबा," ते म्हणाले, "तुम्हाला माहीत असेल. पण सांगू नका."