ब्रेस्ट रिडक्शननंतर टाक्यातून धागा बाहेर आलाय आणि जखम थोडी उघडली आहे, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्यात ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन, होऊन तिसरा आठवडा चालू आहे. स्तनाखाली जिथे उभा टाका आडव्या टाक्याला मिळतो, तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढी जखम उघडली आहे आणि तिच्यातून जांभळ्या धाग्याचं टोक दिसतंय. ताप नाही, वास नाही, थोडी पिवळसर लस येते. सासूबाई हळद-तूप भरू म्हणतात. दीड महिन्यावर भावाचं लग्न आहे. पुन्हा पुण्याला पळायचं की सोलापुरातच कुणाला दाखवायचं, हा तुमचा प्रश्न.

मी सोलापुरातच सर्जरी वॉर्डात नर्स आहे, ड्रेसिंग हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही आणि जखम मी पाहिलेली नाही, हे लक्षात ठेवून वाचा. आज दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक थोडं लांबून, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना पाठवा. ते सांगतील त्याप्रमाणे ड्रेसिंग सोलापुरात होऊ शकतं. धागा ओढू नका. जखमेत हळद, तूप, पावडर, काहीही भरू नका. आणि घाबरू नका, कारण तुम्ही वर्णन करताय ती या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार आहे.

ती नेमकी त्याच जागी का होते, ते सांगते. रिडक्शनमध्ये बहुतेक वेळा स्तनाग्राच्या वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली आणि मग स्तनाखालच्या घडीतून आडवा, असा छेद असतो. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथे कातडीची तीन टोकं एकत्र येतात. टोकापर्यंत रक्त सगळ्यात कमी पोचतं आणि ताण मात्र तिथेच सगळ्यात जास्त. त्यात ती जागा घडीत, म्हणजे घाम आणि घर्षण दोन्ही. म्हणून बाकीची पूर्ण रेघ छान जुळते आणि तेवढा कोपरा मागे राहतो. अशी लहान जखम सहसा पुन्हा शिवत नाहीत. हौदात पाणी चढावं तशी ती तळापासून वर भरत येते, आणि स्वच्छ ठेवली तर काही आठवड्यांत बंद होते. तळाशी लालसर, ओलसर, दाणेदार मांस दिसलं तर जखम भरतेय असं समजा. कडेला पातळ पिवळा थर असतो, तो पाहून बायका पू आला म्हणून रडत येतात. पू घट्ट असतो, त्याला वास असतो, आणि आजूबाजूची कातडी गरम लागते.

आता धागा. आत विरघळणारे टाके असतात, ते काढावे लागत नाहीत. जांभळा रंग मुद्दाम दिलेला असतो, रक्तात धागा सर्जनला नीट दिसावा म्हणून. सगळे धागे एकाच वेळी विरघळत नाहीत. व्हिक्रिल नावाचा धागा साधारण ५६ ते ७० दिवसांत जातो, मोनोक्रिलला ९० ते १२० दिवस लागतात, पीडीएसला सहा महिने. तोवर एखादी गाठ कातडीच्या फार जवळ असली तर शरीर तिला बाहेर ढकलतं. आधी पुरळासारखी लहान पुळी येते, ती फुटते आणि धाग्याचं टोक दिसतं. टोक तिथे असेपर्यंत ते भोक बंद होत नाही. डॉक्टर किंवा ड्रेसिंग करणारी सिस्टर निर्जंतुक कात्रीने ते कातडीच्या पातळीला कापते, दुखतही नाही. घरी ओढलं तर अख्खा टाका हलतो, आतला जुळलेला भाग उघडू शकतो आणि बाहेरचे जंतू धाग्याबरोबर आत जातात. स्तनाग्राभोवती किंवा आणखी कुठे नायलॉनचे टाके घातले असतील तर ते मात्र काढावेच लागतात, साधारण १० ते १४ दिवसांत. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर काय लिहिलंय ते बघा, एखादा राहून गेलेला असू शकतो.

तिसऱ्या आठवड्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथेच घोटाळे होतात. मोनोक्रिलसारख्या धाग्याची पकड तीन आठवड्यांत जवळजवळ संपते. धागा आत दिसतो, पण तो काही धरून ठेवत नाही. त्या वेळी तुमच्या स्वतःच्या कातडीत मूळच्या फार तर एक-तृतीयांश ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि त्यापुढे फारशी वाढत नाही. आणि नेमकं याच आठवड्यात बाईला बरं वाटू लागतं. दुखणं कमी होतं, घरचे म्हणतात आता काय, टाके तर भरले. मग पाण्याच्या दिवशी बादल्या, कळशी, वरच्या फळीवरचा डबा, धुण्याचा पीळ. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आलं की भरून ठेवावंच लागतं, मला ठाऊक आहे. पण सहा आठवडे होईपर्यंत ते काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. हात खांद्याच्या वर नेऊन जोर लावायचा नाही, स्कूटीही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

पाण्याचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नळाच्या आणि साठवलेल्या पाण्यात क्षयरोगाच्या जंतूंच्या नात्यातले काही जंतू असतात. त्यांनी क्षय होत नाही, पण ऑपरेशनच्या जखमेत ते शिरले तर काही आठवड्यांनी हळूच डोकं वर काढतात. जखम बंद होते, पुन्हा उघडते, पातळ स्राव येत राहतो, नेहमीची अँटिबायोटिक देऊन काही फरक पडत नाही. म्हणून उघड्या जखमेवर पिंपातलं चार दिवसांचं पाणी ओतू नका. डॉक्टरांनी धुवायला सांगितलं असेल तर सलाइन वापरा, नाहीतर उकळून झाकून गार केलेलं पाणी. आणि दोन-तीन आठवडे नीट ड्रेसिंग करूनही जखम तशीच राहिली, तर औषध बदलून बदलून घेत बसू नका. स्राव तपासायला पाठवा आणि या जंतूंची तपासणीही करा, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ड्रेसिंग साधं असतं. हात साबणाने धुवायचे, जखम सलाइनने पुसायची, डॉक्टरांनी दिलं असेल ते मलम पातळ लावायचं, वर निर्जंतुक गॉज आणि मायक्रोपोर, म्हणजे कागदी चिकटपट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कडक जंतुनाशक रोज ओतलं की नवं येणारं मांसही जळतं. पावडरचा वर कडक थर बनतो आणि खाली ओल कोंडते. घडीत सुती कापडाची मऊ पट्टी ठेवा, घामाने भिजली की बदला. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा दिवसातून तीन-चार पट्ट्या लागल्या तरी लागू द्या. आपल्या सोलापुरी टॉवेलचा मला अभिमान आहे, पण त्या रेघेवर तो घासायचा नाही. जुनं मऊ सुती धोतर किंवा साडी धुऊन इस्त्री करून ठेवा आणि त्याने नुसतं टिपा.

सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका, त्या काळजीनेच म्हणताहेत. घरची हळद निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत अडकतात आणि पिवळ्या रंगामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही, एवढं त्यांना सांगा. त्यांच्या हातची भाकरी, मटकीची उसळ, शेंगांची चटणी, दही, चालत असतील तर अंडी, हे मात्र भरपूर खा. मांस भरायला प्रथिनं लागतात, आणि पथ्य म्हणून वरण-भातावर राहिलेल्या बायकांच्या जखमा मी रेंगाळताना बघते. हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्या, मधुमेह आधी माहीत नसला तरीही.

मिश्रीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून मीच विचारते. आपल्या भागात कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखू विचारला की नाही म्हणतात, कारण मिश्री म्हणजे त्यांना तंबाखू वाटतच नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्या तीन टोकांच्या कोपऱ्यात आधीच रक्त कमी पोचतं. लावत असाल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना खरं सांगा, कुणी रागावणार नाही. घरात विड्या वळत असतील तर ड्रेसिंग त्या खोलीत करू नका.

आता कधी थांबायचं नाही ते सांगते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, लाली पसरायला लागली (पेनाने कडेने रेघ ओढा, काही तासांत लाली रेघेबाहेर गेली की कळतं), घट्ट पू किंवा वास आला, एक बाजू अचानक फुगून टणक झाली, स्तनाग्र काळंनिळं पडायला लागलं, जखम बोटभर उघडली, तर त्याच दिवशी जा, रात्र असली तरी. पोटरी एका बाजूची सुजून दुखली किंवा दम लागला तर जखमेशी संबंध नाही म्हणून सोडू नका, रक्ताची गुठळी असू शकते, सरळ इमर्जन्सीत जा. पुण्याचे डॉक्टर फोनवर भेटेनात म्हणून वाट बघायची नाही. सिव्हिल हॉस्पिटलला, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सर्जरी विभाग आहे, तिथे किंवा जवळच्या कुठल्याही सर्जनकडे डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. हे वाचणाऱ्या कुणी स्तनात इम्प्लांट, म्हणजे आकारासाठी कृत्रिम पिशवी, बसवलं असेल तर त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे. छेदाची रेघ जराशी जरी उघडली तरी त्याच दिवशी सर्जनला गाठा, कारण खाली इम्प्लांट आहे आणि तिथपर्यंत जंतू पोचले तर ते काढावं लागू शकतं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, की इथे कुणाला दाखवायची लाज वाटते, लोक म्हणतील नसता शौक केला. हे वाचून मला वाईट वाटलं. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेल्या, मान-पाठ धरलेल्या, घडीत दर उन्हाळ्यात बुरशी येऊन कातडी सोललेल्या बायका मी बघते. त्यांना या ऑपरेशनने जो आराम मिळतो तो शौक नाही. आणि समजा एखादीने फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून केलं, तरी जखम ती जखम. सगळ्यात बिघडलेल्या जखमा मी पाहिल्या त्या मोठ्या ऑपरेशनच्या नव्हत्या, लपवलेल्या होत्या. घरातल्या एका व्यक्तीला, नवरा असेल, बहीण असेल, रोज ती जखम बघू द्या. घडीच्या खालची जागा आरशातही तुम्हाला नीट दिसत नाही.

व्रणाचं म्हणाल तर घाई नको. पहिले तीन-चार महिने रेघ उलट जास्त लाल किंवा काळसर, कडक आणि खाजरी होते, मग वर्ष-दीड वर्षात मऊ आणि फिकट होत जाते. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी, दिवसाचे १२ तास तरी, दोन-तीन महिने. खोबरेल तेलाने खाज कमी होते, उघड्या जखमेवर मात्र नको. छातीच्या मधल्या हाडाजवळचं टोक आपल्या सावळ्या कातडीत जाड होऊ शकतं. रेघेच्या हद्दीबाहेर वाढायला लागलं तर ते केलॉइड, त्यासाठी इंजेक्शन असतं आणि लवकर सुरू केलेलं चांगलं. आत टणक गाठ लागली तर बहुतेक वेळा ती घट्ट झालेली चरबी असते, पण सोनोग्राफी करूनच तसं म्हणायचं. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घेतलात का? नसेल तर घ्या आणि जपून ठेवा.

पुण्याला जावंच लागलं तर जा, साधारण २५० किलोमीटर आहे. गाडीने गेलात तर सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये छोटी उशी धरा.

लग्नाचं सांगते. दीड महिन्यात जखम बंद झालेली असायला हरकत नाही, साडी नेसाल. पण काठपदराचा घट्ट शिवलेला ब्लाउज नको, त्याची खालची शिवण अगदी त्याच रेघेवर येते. आत तार नसलेली, समोरून हुकची सुती ब्रा आणि वरून खाली लांब घेतलेला सैल ब्लाउज शिवा, आणि शिंप्याला शिवण्या सोडून ठेवायला सांगा. सूज अजून उतरायची आहे. नेहमीच्या ब्लाउजांचं माप तीन महिन्यांनंतरच द्या, नाहीतर सगळे पुन्हा उसवावे लागतील.